हँडल थांबेपर्यंत

आमच्या घरी बोलायची एक वेळ असे, आणि ती वेळ हँडल ठरवत असे.

बेलापुरात रस्त्याला लागून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून नाहीतर बैलगाडीत टाकून घेऊन येत. अण्णा तिच्यातली जळकी तार उपसून काढत, खाचा साफ करत आणि नवी तांब्याची तार भरत. भरण्याआधी ती तार लाकडी साच्यावर गुंडाळून तिची वेटोळी करावी लागत. साच्याला हँडल होतं. एका हातानं हँडल फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची आणि मनात वेढे मोजायचे. वेढे कमी पडले तर मोटार तापते, जास्त झाले तर खाचेत बसत नाहीत. वेढे मोजायचं यंत्र बाजारात मिळायचं, पण अण्णांनी ते कधी घेतलं नाही. त्यांचा स्वतःच्या मोजण्यावर भरवसा होता. मोजताना कुणी बोललं तर ते रागवत नसत. ऐकूच न आल्यासारखे फिरवत राहायचे.

दुकानाच्या मागं घर. मधल्या दाराला निळा पडदा होता, त्यामुळे हँडलची कुरकुर स्वयंपाकघरापर्यंत यायची. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी मी कान देत असे. आवाज चालू असेल तर जे सांगायचं ते तोंडात धरून पडद्यापाशी उभं राहायचं. बऱ्याच गोष्टी अशा उभ्या उभ्याच विरून गेल्या. चित्रकलेत मिळालेल्या बक्षिसाची, पायऱ्यांवर पडल्याची, मैत्रिणीनं बोलणं सोडल्याची. हँडल थांबेपर्यंत त्या सांगण्याइतक्या मोठ्या राहत नसत.

शाळा श्रीरामपूरला होती, इंग्रजी माध्यमाची. तिथं सकाळपासून सगळं तोंडानं म्हणावं लागे. बाईंना गुड मॉर्निंग, डबा उघडून दिला तर थँक्यू, धक्का लागला तर सॉरी. मी शिस्तीतली मुलगी, सगळं म्हणत असे. एकदा घरी आईनं ताट पुढं सरकवलं आणि माझ्या तोंडून सवयीनं थँक्यू निघून गेलं. आईनं हातातला पळा तसाच ठेवून माझ्या कपाळाला हात लावला. ताप नाही म्हटल्यावर तिनं विचारलं, काय हवंय तुला? त्यानंतर थँक्यू मी शाळेच्या बुटांबरोबर दाराशी काढून ठेवायला लागले.

आमच्या घरात लोक बोलत नसत असं मात्र नाही. बोलत, पण ज्याला सांगायचं त्याच्याशी नाही. तात्या, म्हणजे माझे आजोबा, सुनेशी थेट बोलत नसत. त्यांच्या पिढीत कुणीच बोलत नसे. ते पडद्यापाशी येऊन खाकरायचे, आई पदर सारखा करायची, मग तात्या मला सांगायचे, "पोरी, तुझ्या आईला इचार, च्या झाला का." आई तिथंच चार पावलांवर उभी. मी तिच्याकडं तोंड करून तेच पुन्हा म्हणायची. आई मला सांगायची, झालाय म्हणावं. मी तात्यांकडं वळायची. लहानपणी मला वाटायचं, घरात एक मूल असावं लागतं ते यासाठीच.

मी तिसरीत असताना शेवगावहून निरोप आला की आईचे वडील गेले. आई मातीला जाऊन आली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तात्या पडद्यापाशी आले. खाकरले, पण नेहमीसारखं मोकळं नाही, घशातल्या घशात. मग मला म्हणाले, "तुझ्या आईला म्हनावं, मला आज भूक न्हाई. तुझ्या बापाला बी न्हाई. तिनं गॅसपाशी जाऊ नये." मी आईला एवढंच सांगितलं की तात्या आणि अण्णा जेवणार नाहीत. आईनं मान वर करून पडद्याकडं पाहिलं आणि मग पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मला वाटलं, मी निरोप सांगताना काहीतरी चुकलं.

अण्णांची तऱ्हा थोडी वेगळी होती. त्यांना घरच्या माणसाला काही सांगायचं असलं की ते गिऱ्हाइकाला सांगत. भाजी तिखट झाली तर दुपारी दुकानातून आवाज यायचा, "आज पाणी लई पितोय राव मी." आत आई हसायची. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी माझी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली आणि परत दिली. मी पडद्याआड जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पढेगावचे एकजण नव्या पाणबुडी मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक घेऊन आले. अण्णांनी ते न बघताच बाजूला ठेवलं आणि जरा मोठ्यानं म्हणाले, "असू द्या. आमच्या घरात हाय आता इंग्रजी वाचनारं मानूस." मी आत बसून ते वाक्य बराच वेळ ऐकत राहिले.

तेव्हापासून कॉलेजातून आल्यावर मी दुकानात बसू लागले. काम सोपं होतं. आलेल्या मोटारीवर मालकाचं नाव आणि गाव लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा तारेनं बांधायचा. वार्निशच्या वासानं डोकं चढायचं, पण मला तिथं बरं वाटायचं. कुणी माझ्याशी बोलत नसे आणि मला सगळ्यांचं ऐकू येत असे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, परीक्षा होऊन घरी बसले होते तेव्हा, ताई आली. ताई म्हणजे माझी मावसबहीण, पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत होती. ती आली की घराचा आवाज बदलायचा. ती आईला मिठी मारायची, आई हात कुठं ठेवावेत ते न कळून दोन्ही हात वर धरायची. तात्यांना ती थेट विचारायची, काय तात्या, बरे आहात ना? तात्या मला सांगायचे, बरा हाय म्हनावं.

या वेळी तिच्या पिशवीत छापील कागदांचा गठ्ठा होता. बालपणी घरात भावना कशा व्यक्त होत, हे मोजायची ती प्रश्नावली होती. तिला प्रबंधासाठी गावाकडच्या बायकांकडून ती भरून घ्यायची होती आणि मूळ कागद इंग्रजीत होता. ताई म्हणाली, अगं, तुझं इंग्रजी चांगलं आहे आणि मराठी घरचं आहे, तूच कर हे. मग आम्ही दोघी दुपारभर ओसरीवर बसून एकेक वाक्य मराठीत आणत होतो. आमच्या घरी एकमेकांचं तोंडावर कौतुक केलं जाई. राग आला तर तो बोलून दाखवला जाई. दुःखात असलेल्याला धीर दिला जाई. निर्णय घेताना मुलांचं मत विचारलं जाई. प्रत्येक वाक्यापुढं पाच रकाने होते. कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, नेहमी. एका रकान्यात खूण करायची.

वाक्यं बायकांना कळतात का ते बघायला ताईनं आधी आईलाच बसवलं. आई तांदूळ निवडता निवडता उत्तरं देत होती.

"राग आला तर बोलून दाखवत का, मावशी?" ताईनं विचारलं.

"माझे वडील? बोलायचे नाहीत. भाकरी अर्धी ठेवून उठायचे."

"म्हणजे बोलून नाही दाखवायचे. कधीच नाही."

"कधीच नाही कसं?" आई म्हणाली. "सगळ्या घराला कळायचं की. शेजारच्यांनासुद्धा कळायचं."

"पण बोलून नाही ना?"

"अर्ध्या भाकरीला रकाना नाही का तुमच्यात?"

ताई हसली, पेन्सिल केसांत खोचली आणि म्हणाली की मावशीचा कागद हिशेबात घेता येणार नाही. पण नंतर तिनं कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहून घेतलं.

जाताना ताई मला म्हणाली, तूही एम.ए.ला ये. वसतिगृहात जागा मिळते, जूनमध्ये अर्ज करायचा. मीही तिथंच एका खोलीत असते, तुला काही अडचण नाही. ती हे इतकं सहज म्हणाली, जणू शेजारच्या गल्लीत बोलावत होती.  पण त्या रात्री पांघरुणात मी पुण्याच्या त्या न पाहिलेल्या खोलीत खिडकी कुठं असेल याचा विचार करत होते. मला कधी काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

विचारायचं कसं, हा प्रश्न नव्हता. त्याची रीत ठरलेली होती. मी आईला सांगितलं, आईनं दुसऱ्या दिवशी अण्णांना वाढताना आमटीच्या पातेल्याकडं बघत म्हटलं, माझ्या बहिणीची पोर म्हणत होती पुण्यात वसतिगृह चांगलं आहे मुलींचं. अण्णांनी भात कालवला. ताक मागितलं. मी आणि आई एकमेकींकडं न बघता त्यांचा घास बघत होतो. जेवून ते दुकानात गेले आणि थोड्या वेळानं हँडल सुरू झालं.

मे महिना सरत आला. अण्णांकडून काही नाही. मी दुकानात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायला लागले, कारण उत्तर येणार ते तिथंच येणार हे मला ठाऊक होतं. विहिरी तळाला गेल्या होत्या, वीज धड येत नव्हती आणि मोटारींची रांग लागली होती.

एका दुपारी उक्कलगावचे काका आले. दर उन्हाळ्यात त्यांची मोटार जळायची आणि दर उन्हाळ्यात ते तीच जुनी मोटार शिव्या देत घेऊन यायचे. बडबडे होते. मी त्यांच्या मोटारीला पुठ्ठा बांधत होते. अण्णा साच्यावर तार लावत होते. काका म्हणाले, पुढच्या खेपेला नवीच घेतो, पोरीला सांगा माझं नाव आता पक्क्या रंगात लिहायला.

अण्णा म्हणाले, "आता जूनपासून दुसरं कुणीतरी बघायला लागंल लिहायला. हिचं आता इथलं झालं."

मी मान वर केली नाही. पण हात थांबला.

"आं? मग लाडू कधी वो?" काका माझ्याकडं बघून हसत म्हणाले. "पावना कुठला म्हनायचा? नगरचा का नाशकाचा?"

अण्णांनी हँडल फिरवायला सुरुवात केली होती. काकांनी पुन्हा विचारलं, नोकरीवाला हाय का बागायतदार? अण्णांचे ओठ हलत होते, हँडल फिरत होतं. नाही असं ते म्हणाले नाहीत. काही वेळानं काकाच म्हणाले, "बरं बरं, न्हाई सांगायचं तर ऱ्हाऊ द्या. पत्रिका धाडा म्हंजे झालं."

मी पुठ्ठ्याची तार पिळून घट्ट केली आणि पडद्याआड गेले. आमच्या घरात वाढल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गिऱ्हाइकाला सांगितलेलं माझ्यासाठी असतं. तर मला सांगून झालं होतं. जूनपासून माझं इथलं संपलं होतं, आणि वीस वर्षांच्या मुलीचं इथलं कशानं संपतं हे काकांना कळलं होतं तसं मलाही कळलं.

ताईनं एक कागद मला भरायला ठेवला होता. त्या संध्याकाळी मी तो काढला आणि वरपासून खालपर्यंत खुणा करत गेले. कौतुक, कधीच नाही. राग, कधीच नाही. मुलांचं मत, कधीच नाही. एकाखाली एक त्या खुणा पहिल्या रकान्यात ओळीनं उतरत गेल्या. मग घडी घालून कागद पुस्तकात ठेवला. आईला मी काही विचारलं नाही. तिला माहीत असणार आणि तिनंही मला सांगितलं नाही, असं मी धरून चालले होते. दुकानात जायचं सोडलं. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते, तर दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. मी आईसाठी असेल म्हणून पडून राहिले. पुन्हा खाकरलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई नळावर गेली आहे आणि हे माझ्यासाठी आहे. तात्या माझ्यासाठी आजवर कधी खाकरले नव्हते. मी उठून बसले, ओढणी घेतली.

तात्या उंबऱ्यापाशी खुर्ची ओढून बसले. आमचं मांजर तिथं ऊन खात पडलं होतं. तात्या त्याला म्हणाले, "काय रं, तू म्हनत हुता ना, काही मान्सांनी तीन दिस झालं नीट जेवन केलं न्हाई."

मला हसू आलं आणि रडूही. मीही मांजराकडंच बघितलं. "त्याला सांगा तात्या, त्या माणसांना कुणी काही विचारतच नाही. परस्पर लग्न ठरवतात."

 मांजरानं अंग ताणलं. मग तात्यांनी मांजरावरची नजर काढली आणि माझ्याकडं पाहिलं. "लगीन? कुनी सांगितलं?"

मी उक्कलगावच्या काकांचं सगळं सांगितलं. ऐकून ते मिशीतल्या मिशीत हसले नाहीत की समजूत घालायला गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला यातलं काही म्हाईत न्हाई. मी तुझ्या आईला इचारू शकत न्हाई. तू बापाला इचार."

"आईकरवी विचारते."

"आईकरवी न्हाई. समोर जाऊन." आणि उठता उठता, परत मांजराला म्हणाल्यासारखं, "मला जमलं न्हाई ते जमनार हाय का तिला, बघू."

दुकानात हँडल चालू होतं. मी पडद्यापाशी जाऊन सवयीनं उभी राहिले. मोठ्या मोटारीची वेटोळी होती, वेळ लागणार होता. नेहमीप्रमाणे माझ्या तोंडातलं वाक्य हळूहळू लहान व्हायला लागलं. राहू दे, संध्याकाळी बघू. आई येऊ दे. मग मी पडदा बाजूला केला आणि हँडल फिरत असतानाच बोलले.

"अण्णा, मला आत्ता लग्न करायचं नाही."

हँडल आणखी थोडं फिरलं. मग थांबलं. वेढ्यांच्या मधेच, तार चिमटीत ताणलेली असताना थांबलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. वीज गेली तरी, पाहुणे आले तरी, एकदा समोर रस्त्यावर टेम्पो उलटला तरी अण्णांनी आधी वेटोळं पुरं केलं होतं.

"कुणाचं लग्न?" अण्णा म्हणाले.

"माझं. जूनमध्ये."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना खरंच काही कळलेलं नव्हतं. मी म्हटलं की तुम्हीच उक्कलगावच्या काकांना म्हणालात, हिचं इथलं झालं. लाडू विचारल्यावर तुम्ही नाही म्हणाला नाहीत.

"मी मोजत होतो," अण्णा म्हणाले. मग, "पुण्याला जायचंय ना तुला? म्हणून लिहायला माणूस बघतोय. तेच म्हटलं मी."

"मला नाही म्हणालात."

"तू तिथंच होतीस की."

 ते खोटं नव्हतं. मी तिथंच होते, ऐकत होते, आणि त्यांच्या हिशेबानं त्यांनी मला होकार देऊन टाकला होता. तीन दिवस ते कदाचित मी वसतिगृहाचा अर्ज कधी दाखवते याची वाट बघत असतील आणि मी दुकानात येईनाशी झाले याचा अर्थ लावत असतील. मी विचारलं नाही.

"मला सांगा ना," मी म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "मला. काकांना नाही."

अण्णांनी तारेकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. जड मोटार एकट्यानं उचलताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला.

"जा तू," ते म्हणाले. "पुण्याला. शीक."

मग त्यांनी साच्यावरची तार सोडवायला घेतली. मोजणी गेली होती. अंदाजानं पुढं नेता आलं असतं, पण तसं त्यांनी कधी केलं नसतं. मी जाऊन रीळ धरलं. ते तार उलगडत होते, मी रिळावर परत घेत होते. सगळी सोडवून झाल्यावर त्यांनी टोक पुन्हा साच्याला अडकवलं आणि हँडलवर हात ठेवून थांबले.

"मोज," ते मला म्हणाले.

मी मोजायला लागले. मनातल्या मनात नाही, मला तसं जमलं नसतं. मोठ्यानं मोजत होते. पडद्यामागं आई नळावरून आली, भांडं ठेवलं, आणि आवाज न करता तिथंच उभी राहिली. तिची पावलं मला पडद्याखालून दिसत होती.

संध्याकाळी मी पुस्तकातून ताईचा कागद काढला. खोडरबर घेऊन बसले. कौतुकाच्या वाक्यापाशी थांबले, धीर देण्याच्या वाक्यापाशी थांबले. तात्यांना त्या दिवशी भूक नव्हती, ते मला आठवलं. पण ताईचा प्रश्न बोलण्याबद्दल होता, आणि बोलणं मोजायचं तर उत्तर खरं द्यायला हवं होतं. निर्णय घेताना मुलांचं मत, याच्यापुढची एक खूण मी पुसली आणि शेजारच्या रकान्यात केली. क्वचित. बाकीच्या तशाच ठेवल्या आणि कागद ताईला टपालानं पाठवून दिला. सोबतच्या चिठ्ठीत अर्ज मागवला.

उक्कलगावचे काका पुढच्या आठवड्यात मोटार न्यायला आले. मी पुन्हा दुकानात बसत होते. त्यांनी मोटार हातानं फिरवून बघितली, समाधान झाल्यावर माझ्याकडं वळले आणि म्हणाले, मग पोरी, लाडवाचं काय झालं?

अण्णांनी साच्यावर तार लावली होती. हँडलकडं गेलेला हात त्यांनी मागं घेतला.

"लाडू न्हाई," ते काकांना म्हणाले. "पुण्याला चाललीय ती. शिकायला."

काका म्हणाले, लई चांगलं झालं, आमच्या मोटारीवरचं नाव मात्र तिनंच पक्कं लिहून जावं. अण्णा हसले. मग ते माझ्याकडं वळले.

"ऐकलंस ना?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. तेव्हा कुठं त्यांनी हँडल फिरवायला घेतलं.